विंडोज ९८ च्या पीसीवर आकाशवाणी आणि डबलबारी

देवगड तालुक्यातल्या गावच्या घराबद्दल मुंबईहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: घरात वडिलांचा पेंटियम थ्री पीसी आहे. रॅम १२८ एमबी, विंडोज ९८ सेकंड एडिशन, साउंड ब्लास्टर लाइव्हचं कार्ड. विनॅम्पवर हार्ड डिस्कमधली जुनी गाणी अजून व्यवस्थित वाजतात. वडिलांना त्याच मशीनवर आकाशवाणी आणि नेटवरची इतर केंद्रं थेट ऐकायची आहेत, शिवाय कपाटातल्या डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यातल्या भजनाच्या, कॅसेट त्यात भरायच्या आहेत. पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. "कोणतं सॉफ्टवेअर टाकू, की विंडोजच बदलू?"

विंडोज बदलू नका. त्या मशीनचा जीव त्या विंडोजमध्येच आहे. साउंड कार्डाचे ड्रायव्हर, विनॅम्प, वडिलांच्या हाताला बसलेली सगळी सवय त्यातच आहे. आणि एखादं सॉफ्टवेअर टाकून काम होईल, अशीही आशा ठेवू नका. माझं म्हणणं सरळ आहे: जुन्या पीसीला इंटरनेटवर पाठवू नका, इंटरनेटचं काम शेजारी ठेवलेल्या एका छोट्या नव्या मशीनला करू द्या. जुन्या पीसीच्या हातात फक्त साधा एमपीथ्रीचा प्रवाह पडला पाहिजे. तो वाजवायला पेंटियम थ्रीला आजही काहीच कष्ट पडत नाहीत. कुडाळात दुरुस्तीचं दुकान चालवताना अशी मशीन मी बऱ्याच घरांत उभी केली आहेत आणि हीच मांडणी पावसाळ्यातही टिकते.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. विनॅम्प १९९७ साली आलं. त्याच्या पुढच्या दोनेक वर्षांत शाउटकास्ट आणि आइसकास्ट ही नेटवरून आवाज वाटणारी सॉफ्टवेअर आली आणि नेटवरचा रेडिओ म्हणजे काय ते ठरलं. सर्व्हर एक न संपणारी एमपीथ्री फाइल पाठवत राहतो, प्लेअर ती येईल तशी वाजवत राहतो. मध्ये कुलूप नाही, किल्ली नाही. आज जवळजवळ प्रत्येक केंद्राचा पत्ता एचटीटीपीएसचा असतो, म्हणजे सगळी वाहतूक कुलूपबंद. ते कुलूप टीएलएस १.२ किंवा १.३ चं असतं. विंडोज ९८ वर चालणारं शेवटचं इंटरनेट एक्सप्लोरर म्हणजे ६ नंबरचं, आणि त्याची धाव टीएलएस १.० पर्यंतच. विनॅम्पच्या दुसऱ्या मालिकेला तर एचटीटीपीएस माहीतच नाही. तुमचं पान उघडत नाही ते म्हणूनच. त्यात मशीनचा काही दोष नाही.

दुसरी भिंत प्रवाहाच्या पद्धतीची आहे. आकाशवाणीची केंद्रं आज न्यूज ऑन एअर ॲपवर ऐकू येतात. अशा बहुतेक सेवा एचएलएस वापरतात, जी पद्धत ॲपलने २००९ मध्ये आणली. यात एक सलग फाइल नसते. काही सेकंदांचे तुकडे असतात आणि त्यांची यादी सतत बदलत असते. प्लेअरने यादी पुन्हा पुन्हा वाचायची, नवा तुकडा उचलायचा, मागच्याला जोडायचा. आतला आवाजही एमपीथ्री नसून एएसी या वेगळ्या पद्धतीने दाबलेला असतो. विनॅम्प २ ला यातलं काहीच येत नाही. एएसीचं प्लगइन शोधून बसवलंत तरी तुकड्यांचा आणि कुलपाचा प्रश्न तसाच राहतो. त्या वाटेने जाऊन लोक आठवडे घालवतात, म्हणून आधीच सांगतो.

तेव्हा छोटं मशीन घ्या. लॅनचं सॉकेट असलेला रास्पबेरी पाय उत्तम, कारण तो वीज कमी खातो आणि चोवीस तास चालू ठेवता येतो. घरात स्क्रीन फुटलेला एखादा लॅपटॉप पडून असेल तर त्यात लिनक्स टाकून तोही चालेल. या मशीनवर दोन गोष्टी बसवायच्या. एक एफएफएमपेग, जे केंद्राचं कुलूप उघडतं, तुकडे जोडतं, एएसी सोडवतं आणि पुन्हा एमपीथ्री बांधतं. दुसरं आइसकास्ट, जे ती एमपीथ्री घरातल्या नेटवर्कवर जुन्या पद्धतीने वाटतं. एफएफएमपेगला केंद्राचा पत्ता द्या, आवाज लेम एन्कोडरने १२८ केबीपीएसला, ४४.१ किलोहर्ट्झला बांध म्हणून सांगा, आणि निकाल आइसकास्टच्या ८००० नंबरच्या पोर्टवर एखाद्या नावाने सोड म्हणा. त्या नावाला आइसकास्टच्या भाषेत माउंट पॉइंट म्हणतात. प्रत्येक केंद्राला वेगळा माउंट पॉइंट द्या. आइसकास्टसोबत येणारे मूळ पासवर्ड जगजाहीर आहेत, ते पहिल्याच दिवशी बदला.

१२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला १६,००० बाइट, मिनिटाला साधारण एक एमबी. तुमच्या लॅन कार्डाला हे काहीच नाही. ज्या ५६ केच्या मोडेमवर आपण एकेकाळी नेट वापरलं, त्यावर मात्र हाच प्रवाह मावला नसता. म्हणून तेव्हाचा रेडिओ रिअलप्लेअरमधून किरकिऱ्या आवाजात ऐकावा लागायचा.

आता कोकणातली खरी गोष्ट. जून ते सप्टेंबर नेट जातं. वादळात फायबरवर झाड पडतं, टॉवरची लाईट जाते, आणि २०२० च्या निसर्ग किंवा २०२१ च्या तौक्तेसारखं चक्रीवादळ आलं तर कित्येक दिवस काहीच नसतं. एफएफएमपेग आणि आइसकास्टची साधी जोडी असेल तर नेट गेल्याक्षणी प्रवाह तुटतो, विनॅम्प थांबतं आणि नेट परत आलं तरी आपणहून सुरू होत नाही. वडिलांना उठून पुन्हा बटण दाबावं लागतं. माझा अनुभव असा की याच कारणाने घरातली मंडळी कंटाळतात आणि पीसी पुन्हा कापडाखाली जातो.

यावर लिक्विडसोप नावाचा प्रोग्रॅम आहे आणि तो शिकायला लागणारा वेळ वसूल होतो. लिक्विडसोपमध्ये फॉलबॅक म्हणजे पर्यायांची उतरंड लिहिता येते: आधी आकाशवाणी, ती आली नाही तर भजनांचा फोल्डर, तोही रिकामा असेल तर शांतता. केंद्र तुटलं की ते फोल्डरमधलं भजन सुरू करतं, केंद्र परत आलं की त्यावर येतं. महत्त्वाचा मुद्दा असा की एमपीथ्री बांधायचं काम या उतरंडीतून आवाज निवडून झाल्यावर होतं. त्यामुळे आइसकास्टकडे जाणारा प्रवाह क्षणभरही तुटत नाही आणि विंडोज ९८ ला बाहेर काय झालं याचा पत्ताच लागत नाही. केंद्र परत येताना भजन मध्येच कापलं जाऊ नये असं वाटत असेल तर चालू असलेलं भजन पूर्ण झाल्यावरच केंद्रावर ये, असंही त्याला सांगता येतं. मी घराघरांत असंच ठेवतो. अभंग अर्ध्यावर तोडून बाजारभाव सुरू झालेले कोणालाच आवडत नाहीत.

विनॅम्पच्या बाजूला करायचं फार थोडं आहे. कंट्रोल आणि एल दाबा, पत्ता टाका: एचटीटीपी, रास्पबेरी पायचा आयपी, ८००० पोर्ट आणि माउंट पॉइंटचं नाव. आवाज आला की तोच पत्ता नोटपॅडमध्ये एका ओळीत लिहून एमथ्रीयू या शेवटाने डेस्कटॉपवर ठेवा. वडिलांसाठी असे तीन-चार आयकॉन पुरेत. त्यावर डबल क्लिक केलं की केंद्र सुरू. आकाशवाणी रत्नागिरी, भजन, बातम्या अशी नावं द्या, मात्र रोमन लिपीत. त्याचं कारण पुढे येतं.

बफरबद्दल लोक हमखास उलट करतात. आवाज तुटला की विनॅम्पच्या सेटिंगमध्ये जाऊन बफर वाढवत नेतात. ६४ केबीचा बफर म्हणजे १२८ केबीपीएसला चार सेकंदांचा साठा. घरातल्या केबलवर तेवढा भरपूर आहे. खरी गळती इंटरनेट आणि रास्पबेरी पाय यांच्यामध्ये असते, म्हणून साठा तिकडे वाढवा, लिक्विडसोपला दहा-पंधरा सेकंद हातात ठेवू द्या. आइसकास्टही नवा श्रोता जोडला गेला की सुरुवातीलाच ६४ केबीचा गठ्ठा एकदम देतं, त्यामुळे विनॅम्पचा बफर लगेच भरतो आणि क्लिक केल्याबरोबर आवाज येतो. केबलवरही आवाज तुटत असेल तर बफर सोडा आणि केबलची टोकं तपासा. खाऱ्या हवेत आरजे ४५ च्या पिना काळ्या पडतात. नवी क्लिप मारली की निम्म्या तक्रारी जातात.

नेटवर्कसाठी रिअलटेक ८१३९ चं पीसीआय कार्ड बघा. एकेकाळी आपल्याकडे प्रत्येक दुकानात हेच मिळायचं, जुन्या बाजारात अजून मिळतं, आणि विंडोज ९८ साठी त्याचे ड्रायव्हर सहज सापडतात. वायफायच्या मागे लागू नका. आजच्या राउटरचा डब्ल्यूपीए २ पासवर्ड विंडोज ९८ ला झेपवणं ही कटकट आहे. पीसी आणि राउटर वेगळ्या खोल्यांत असतील तर वायफाय पकडून लॅन देणारा छोटा राउटर पीसीमागे ठेवा, पीसीला तो साध्या केबलसारखाच दिसतो.

आणि हे एवढं नक्की करा: विंडोज ९८ ला आयपी हाताने द्या आणि गेटवेची जागा रिकामी ठेवा. गेटवे नसला की पीसी घरातल्या रास्पबेरी पायशी बोलू शकतो, बाहेर जाऊ शकत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ चे सुरक्षेचे अपडेट २००६ च्या जुलैमध्येच बंद केले आहेत. हे मशीन उघड्या इंटरनेटवर ठेवायची काही गरज नाही, आणि आपल्या मांडणीत ती उरतही नाही.

आता कॅसेट. हे काम मी रेडिओपेक्षा महत्त्वाचं मानतो. केंद्र उद्याही लागेल, पण गावातल्या जत्रेत कोणीतरी टेपवर धरलेली बारी दुसरीकडे कुठेच नसते. दोन बुवा समोरासमोर, एकाच्या गजराला दुसऱ्याचं उत्तर, मागे टाळ आणि पखवाज, हे सगळं एकाच फितीवर आहे आणि दमट हवेत तिला बुरशी येते. कॅसेटच्या खिडकीतून पाहा. गुंडाळीवर पांढरी पूड दिसली तर ती टेपमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागत जाते. अशी कॅसेट वेगळी ठेवा आणि जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या.

भरायचं काम लाइन इनचं सॉकेट असलेल्या एखाद्या नव्या कॉम्प्युटरवर, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये करा. डेकच्या लाइन आउटमधून लाइन इनमध्ये वायर घ्या, माइकच्या सॉकेटमध्ये कधीही नाही. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. सर्वात मोठा आवाजही शून्याच्या सहा डेसिबलने खाली राहू द्या. टाळ अचानक उसळतात आणि एकदा कापले गेले की परत येत नाहीत. सुरू करण्यापूर्वी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि हेडशेजारचा बारीक स्क्रू पाहा. तो हेडचा कोन ठरवतो. कॅसेट वाजत असताना बारीक स्क्रूड्रायव्हरने तो अगदी थोडा थोडा फिरवा, चिपळ्यांचा आवाज सर्वात धारदार होईल तिथे थांबा. ज्या टेपवर ती बारी धरली होती त्याचा कोन तुमच्या डेकपेक्षा वेगळा असतो, म्हणून हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं. इथे घाई केलेली पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही.

गावातली बरीच रेकॉर्डिंग मोनो असतात. ती स्टिरिओ डेकवरून भरली की दोन्ही बाजूंना तोच आवाज येतो आणि लोक दोन्ही एकत्र करून मोनो बनवतात. तसं करू नका. हेडचा कोन किंचितही चुकलेला असेल तर दोन्ही बाजूंत अगदी सूक्ष्म अंतर असतं आणि बेरीज केली की वरचे सूर एकमेकांना खातात. दोन्ही ऐका, जी बाजू स्वच्छ आहे तीच ठेवा, दुसरी टाकून द्या.

मूळ प्रत फ्लॅकमध्ये साठवा. फ्लॅक २००१ पासून आहे, त्यात आवाजाचा एक कणही जात नाही. तिच्यावरून वडिलांसाठी एमपीथ्री बनवा. साध्या बोलण्याला १२८ केबीपीएस पुरतं, भजनाला नाही. एमपीथ्रीचं दुखणं तीक्ष्ण, अचानक येणाऱ्या आवाजात आहे. टाळ पडायच्या क्षणभर आधीच त्याची खरखर पसरते आणि कमी बिटरेटला टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे लागतात. स्टिरिओ भजनाला १९२ ठेवा. तासाभराची कॅसेट साधारण ८६ एमबी होते, जुन्या हार्ड डिस्कवरही अशा पुष्कळ मावतात. बिटरेट स्थिर ठेवा. बदलत्या बिटरेटची फाइल जुन्या प्लेअरमध्ये वाजते, पण वेळेचा आकडा भलताच दाखवते, आणि मग वडील म्हणतात गाणं अडकलं.

नावं रोमनमध्ये का, ते आता सांगतो. विंडोज ९८ युनिकोडवर उभं नाही. देवनागरी नावाची फाइल तिथे प्रश्नचिन्हांची रांग होऊन दिसते आणि कधी कधी उघडतही नाही. फाइलीच्या आतल्या माहितीचंही तसंच. जुन्या प्लेअरला समजणारा आयडीथ्रीचा पहिला टॅग फाइलीच्या अगदी शेवटी असतो, नेमका १२८ बाइटचा, आणि त्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, गायकाच्या नावाला ३० अक्षरं. आजची सॉफ्टवेअर त्याऐवजी दुसऱ्या पिढीचा टॅग फाइलीच्या सुरुवातीला लिहितात, त्यात देवनागरी असतं आणि मुखपृष्ठाचं मोठं चित्रही. वडिलांच्या प्रतीत चित्र काढून टाका, पहिला टॅग रोमनमध्ये भरा: आधी बुवांचं नाव, मग गाव, मग साल. फ्लॅकच्या मूळ प्रतीत मात्र सगळं देवनागरीत, सविस्तर लिहा. पखवाजावर कोण होतं, जत्रा कुठली होती, हे आज सांगणारी माणसं घरात आहेत तोवर विचारून घ्या.

या फाइली विंडोज ९८ वर न्यायला फाइल शेअरिंगच्या वाटेला जाऊ नका. विंडोज ९८ ला एसएमबी या फाइल शेअरिंगच्या भाषेची फक्त पहिली आवृत्ती येते आणि लिनक्सवर ती भाषा बोलणाऱ्या साम्बा या सॉफ्टवेअरने २०१९ पासून ती मुळातच बंद ठेवली आहे. ती उघडता येते, पण मग पासवर्डच्या जुन्या पद्धतीही उघडाव्या लागतात. त्यापेक्षा रास्पबेरी पायवर साधा एफटीपी किंवा साध्या एचटीटीपीचा सर्व्हर चालवा. किंवा तिथेच एमपीडी बसवा, म्हणजे म्युझिक प्लेअर डेमन. सगळा संग्रह रास्पबेरी पायवर राहतो, एमपीडी तो एमपीथ्रीच्या प्रवाहातून देतं, आणि गाणं बदलायचं ॲप तुमच्या फोनवर. तुम्ही मुंबईहून गावी आलात की बाकड्यावर बसून वडिलांच्या विनॅम्पमध्ये गाणं बदलू शकता. गाणं बदलल्यावर आवाज काही सेकंदांनी बदलतो, तो बफरमधला साठा संपायचा वेळ आहे, बिघाड नाही.

हे वाचणाऱ्या काहींकडे पेंटियम थ्रीपेक्षा जुनं मशीन असेल. पेंटियम १०० च्या आसपास १२८ केबीपीएस स्टिरिओ वाजतं, पण सोबत दुसरं काही करू नये. ४८६ वर मात्र गणित बदलतं. एमपीथ्री सोडवायला दशांशाची आकडेमोड भरपूर लागते. डीएक्स ४, १०० मेगाहर्ट्झवालं मशीन अर्ध्या दर्जाने, मोनोमध्ये कसंबसं वाजवतं, आणि ४८६ एसएक्समध्ये तर त्या आकडेमोडीचा वेगळा भागच नसतो. अशा वेळी मोठी फाइल द्या. हे उलटं वाटेल, पण विचार करा. न दाबलेली डब्ल्यूएव्ही फाइल सेकंदाला १,७६,४०० बाइट मागते, आणि १० एमबीपीएसचं एनई २००० हे जुनं नेटवर्क कार्डही तेवढं आणून देतं. प्रोसेसरला सोडवायचं काहीच नाही, आले ते आकडे साउंड कार्डाकडे सरकवायचे. थोडी बचत हवी तर आयएमए एडीपीसीएम या साध्या पद्धतीने दाबा, फाइल चौथाई होते आणि सोडवायला अगदी हलकी. फ्लॅकही सोडवायला एमपीथ्रीपेक्षा हलकंच आहे, कारण त्यात पूर्णांकांची कामं जास्त. पेंटियमच्या मशीनवर ते आरामात चालतं.

डॉसवर असाल तर एमपीएक्सप्ले हा प्लेअर घ्या. फाइली आणायला एमटीसीपी हा नेटवर्कचा संच आहे, त्यात एफटीपी आहे आणि तो फार काळजीपूर्वक लिहिलेला आहे. मात्र साउंड ब्लास्टर १६ वर काही वाजवताना फाइल ४४.१ किलोहर्ट्झच्या वर नेऊ नका, ते कार्ड तिथेच थांबतं. तुमचं लाइव्ह कार्ड उलट आतून ४८ वर चालतं आणि येईल तो आवाज स्वतः त्यावर बदलून घेतं, त्यामुळे तुम्हाला ही चिंता नाही. पॉवरपीसीवाला जुना मॅक ज्यांच्याकडे आहे त्यांनी ओएस ९ वर आयट्यून्स २ वापरावं, आइसकास्टचा हाच पत्ता त्यातही चालतो.

प्रवाहाचं झालं, पण जुन्या मशीनचं स्वतःचंही एक संगीत आहे आणि ते सोडून पुढे जाणं मला पटत नाही. १९८५ साली आलेल्या अमिगा या कॉम्प्युटरमध्ये पॉला नावाची आवाजाची चिप होती, चार वाहिन्या, आठ बिट. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्कीने तिच्यासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर हा गाणी रचायचा प्रोग्रॅम लिहिला आणि मॉड फाइल जन्माला आली. तिच्यात वाद्यांचे खरे छोटे नमुने असतात आणि कोणता नमुना केव्हा, कोणत्या सुरात वाजवायचा त्याचा तक्ता असतो. शंभर-दोनशे केबीत काही मिनिटांचं गाणं. पीसीवर पुढे फास्टट्रॅकर आणि इम्पल्स ट्रॅकर हे असेच प्रोग्रॅम आले. ही फाइल ४८६ सहज वाजवतो. विनॅम्पही तुमच्या पीसीवर वाजवेल.

यात आपल्याला कामाची गोष्ट अशी: जनरल मिडी म्हणजे कॉम्प्युटरवरच्या वाद्यांची ठरलेली यादी, तिच्या १२८ वाद्यांत सतार आहे, सनई आहे, पण पखवाज किंवा तबला नाही. ट्रॅकरमध्ये ही अडचणच नाही, कारण नमुना तुमचा असतो. गावच्या पखवाजावर धा, ता, धिन आणि उघडा ग वेगवेगळे वाजवून घ्या, टाळाचा एक ठोका घ्या, आठ बिटात उतरवा. मॉडच्या एका तक्त्यात ६४ ओळी असतात. आठ मात्रांचा भजनी ठेका घेतलात तर प्रत्येक मात्रेला बरोबर आठ ओळी मिळतात, दुगण-चौगण लिहायला भरपूर जागा. दादरा लिहायचा असेल तर सहा मात्रांना ४८ ओळी लागतात, तिथे तक्ता तोडायची आज्ञा द्या, तिला डी हे अक्षर आहे, की सम बरोबर पुढच्या तक्त्यावर येते. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला हे एकदा दाखवाच. ताल म्हणजे काय ते पडद्यावर वरून खाली सरकताना दिसतं.

आता मशीन जगवण्याबद्दल, कारण कोकणात सॉफ्टवेअरच्या आधी हवा घात करते. पहिलं काम, हार्ड डिस्कची पूर्ण प्रत काढा. ती आज चालते याचा अर्थ उद्या चालेल असा नाही. प्रत काढून झाली की आयडीईचं ॲडॅप्टर लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावरच विंडोज चालवता येतं, आवाजही कमी आणि उष्णताही. मदरबोर्ड पेंटियम थ्रीच्या काळातला असेल तर कपॅसिटर पाहा, माथा फुगलेला किंवा तपकिरी डाग दिसला तर बदलूनच पुढे जा. १९९९ नंतरच्या काही वर्षांत खराब कपॅसिटर जगभर पसरले होते. ४८६ वाल्यांनी मदरबोर्डवरचा पिंपासारखा निकेल कॅडमियमचा सेल आजच काढावा, तो पाझरला की आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खातो.

साउंड कार्ड काढून कडेच्या सोनेरी पट्ट्या पाहा. हिरवट बुरा दिसला तर अल्कोहोलने पुसा, खोडरबर अगदी हलक्या हाताने. पावसात मशीन महिनोन्महिने बंद ठेवू नका. आठवड्यातून काही तास चालू राहिलं की आतली ओल जाते. बंद असताना प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, त्यात ओल कोंडते. सुती कापड घाला आणि मागच्या मोकळ्या स्लॉटना पत्रे लावा. पाली आणि मुंग्या तिथूनच शिरतात, आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, पाल गेली तर काय होतं ते दुरुस्तीवाल्यांना ठाऊक आहे.

विजांचे दिवस दोन: मेअखेर ते जूनची सुरुवात, आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस. गडगडायला लागलं की पीसीचा प्लग काढाच, पण लॅनची केबलही काढा. वीज बऱ्याचदा केबलमधून येते, आणि नेटवर्क कार्डासोबत मदरबोर्ड जातो. व्होल्टेज वरखाली होत असेल तर चांगला यूपीएस लावा, आणि रास्पबेरी पाय त्याच यूपीएसवर घ्या. लाईट अचानक गेली की रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड बिघडतं. सगळी मांडणी बसली की त्या कार्डाचीही एक प्रत काढून मुंबईच्या घरी ठेवा.

शेवटी आवाज बाहेर कसा काढायचा. लाइव्ह कार्डाच्या लाइन आउटमधून अँप्लिफायरला वायर घ्या. विनॅम्पचा आवाज आणि विंडोजचा वेव्हचा आवाज जवळजवळ वर ठेवा, कमीजास्त अँप्लिफायरवर करा. बऱ्याच घरांत इथे एक भुणभुण येते. जांभ्याच्या कातळावर अर्थिंग नीट मिळत नाही, उन्हाळ्यात जमीन सुकली की आणखीच बिघडतं, आणि पीसी व अँप्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर असले की दोघांच्या अर्थमधला फरक आवाजाच्या वायरीतून वाहतो. आधी दोन्ही एकाच बोर्डवर घ्या. तरी भुणभुण राहिली तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका, त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि आवाज जातो, अर्थ जात नाही. अर्थची पिन कापून भुणभुण घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पत्र्याच्या कॅबिनेटला करंट आला तर तो वडिलांच्या हाताला लागेल. त्याऐवजी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा, मीठ आणि पाणी घालून घ्या, आणि एप्रिल-मेमध्ये त्यात अधूनमधून पाणी ओतत राहा.